मतदान झालं. पुढची पाच वर्षं बोलायचं कुठे?

ओढ्याकाठचा

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झालं. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, नवी मुंबई आणि औरंगाबादेत तर २०२० पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटनेच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलंय. तरी आधी करोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचना, मग तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि त्यालाही मुदतवाढ मागितली गेली.

या काळात काय झालं त्याचं एकच उदाहरण देतो. मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. आयुक्तांनीच तो मांडला आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केला. एवढ्या पैशाबद्दल सभागृहात उभं राहून प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

आमच्या भागात ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या. पात्र अरुंद झालं. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मागच्या वस्तीत शिरलं, दोन घरांतलं धान्य भिजलं. मी ॲपवर तक्रार केली. तीन दिवसांनी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' भिंत तिथेच होती. वॉर्ड ऑफिसात गेलो तर हे काम मुख्य खात्याकडून आलंय म्हणाले. मुख्य खात्यात गेलो तर वॉर्डात विचारा म्हणाले.

आता नगरसेवक आले, हे चांगलंच झालं. पण मला पुन्हा पाच वर्षं कुणाच्या तरी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं नाही. खेड्यात ग्रामसभा आहे. शहरात मतदारांची तशी सभा का नाही? मुळात ती कायद्यात आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेचं अनुदान हवं होतं आणि केंद्राची लोकसहभागाच्या कायद्याची अट होती, म्हणून २००९ मध्ये आपल्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभा घातली गेली. अनुदान आलं, खर्च झालं. तुमच्यापैकी कुणी क्षेत्रसभेला बसलंय का? मी तरी आजवर एकही पाहिली नाही. नव्या नगरसेवकांकडे पहिली मागणी हीच करावी असं मला वाटतं.

चाळकरी

ओढ्याबद्दल तुमचं दुःख कळतं. मागणी मात्र मला पटत नाही.

माझी आई घरकाम करते. ड्रेनेज तुंबलं, रेशनकार्डात नाव चढवायचंय, सरकारी दवाखान्यात खाट मिळत नाही, अशा वेळी ती रात्री दहालासुद्धा नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊ शकते. तिला अर्ज लिहिता येत नाही, बोलता येतं. ही चार वर्षं माजी नगरसेवकच फोन उचलत होता, पण त्याचं पत्र नेलं तर वॉर्डात कुणी उघडूनही बघत नसे. आमच्यासाठी लोकशाहीची दुरुस्ती म्हणजे त्या माणसाच्या शब्दाला पुन्हा वजन येणं.

तुमच्या सभेत कोण येणार? रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये, ज्यांना रविवारी सुट्टी असते ते. पहिला ठराव काय होईल तेही सांगतो : फेरीवाले हटवा. दुसरा : नाल्याकडेच्या झोपड्या हटवा. निवडणुकीत माझ्या आईचं मत आणि डॉक्टरांचं मत एकाच किमतीचं असतं. सभेत तसं नसतं. तिथे ज्याला माइक हातात धरता येतो त्याचं मत मोठं.

निवृत्त अभियंता

तीस वर्षं पालिकेत काढली, दोन्ही प्रकारचा कारभार पाहिला. प्रशासकाचा काळ म्हणजे अंधारयुग होतं असं चित्र रंगवू नका. सभागृह असताना एका पुलाचा विषय तीनदा विषयपत्रिकेवर येऊन तहकूब झालेला मी पाहिलाय, आणि कारण तांत्रिक नव्हतं. प्रशासक असताना तसल्या फायली सरळ चालत गेल्या.

सभा वाढवून कारभार सुधारतो यावर माझा विश्वास नाही. प्रभाग समित्यांचं उदाहरण समोर आहे. तीन लाखांवर लोकसंख्या असेल तर वॉर्ड समित्या हव्यात असं घटना सांगते. आपल्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय केली. मी ज्या समित्यांसमोर टिपणं घेऊन बसलो तिथे त्या जागांवर पक्षाचे कार्यकर्ते होते, ज्यांना तिकीट देता आलं नव्हतं ते. क्षेत्रसभेचंही तेच होईल.

आणि मुळातलं दुखणं कुणी बोलत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांसाठी लिहिले. पण आयुक्त राज्य सरकार नेमतं, त्याची बदलीही तेच करतं. ज्या संस्थेच्या हातात स्वतःचा प्रमुख अधिकारी नाही, तिच्या एका प्रभागातल्या सभेने ठराव केला तर तो कुणावर बंधनकारक? लोक दोनदा येतील, तिसऱ्यांदा येणार नाहीत. त्यापेक्षा माहिती अधिकाराचं चौथं कलम नीट राबवा, कागद आपणहोऊन उघडे ठेवा. पुणे पालिकेत दर सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली होती. ओढ्याच्या भिंतीची फाईल उघडी असती तर नकाशावर कुणाची सही आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं असतं.

बांधावरून

मी ग्रामपंचायतीची सदस्य होते, पाच वर्षं. तुम्ही शहरातले ग्रामसभेचं नाव घेताय म्हणून लिहिते.

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा असेल तेवढा कोरम लागतो. आमच्याकडे १०० कधी जमायचे नाहीत. सभा तहकूब व्हायची. तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग त्या दुसऱ्या सभेला पंचवीस-तीस माणसं, बहुतेक एकाच भावकीची, आणि खरे ठराव त्यात. वही नंतर घरोघर फिरायची, सह्या-अंगठे गोळा व्हायचे. त्या वहीत सभा कशी भरगच्च दिसते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. पहिल्या वर्षी ती अंगणवाडीत झाली, बायका आल्या, बसल्या, चहा घेऊन गेल्या. एक शब्द कुणी बोललं नाही. म्हणून चाळकरींची भीती खोटी नाही.

पण पुढचंही सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघी सदस्यांनी एकच हट्ट धरला : सभा सुरू झाली की मागच्या सभेचं प्रोसिडिंग मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक ठरावापुढे काय झालं ते तिथल्या तिथे सांगायचं. ग्रामसेवक वैतागले. 'तो विषय झाला की ताई,' म्हणायचे. झाला तर वाचा, आम्ही म्हणायचो. घरकुलाची यादी अशी मोठ्याने वाचली तेव्हा पडक्या घरातल्या एका म्हातारीचं नाव गळालेलं सगळ्या गावाने ऐकलं. तिला उभं राहून बोलावंच लागलं नाही, शेजारचे बोलले. त्यानंतर बायका यायला लागल्या. कोरम पूर्ण झाला असं म्हणत नाही. पण चहा घेऊन उठून जाणं थांबलं.

दारूबंदीचं बघा. गावातलं दुकान बंद करायला बाटली आडवी करावी लागते, म्हणजे मतदानात बंदीचा कौल द्यावा लागतो, आणि त्याला हजर असलेल्यांचं नाही तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. इतकी अवघड अट असूनही बायकांनी किती गावांत ती पार केली. आपण बोललो त्याने काहीतरी होतं, हे कळलं की माणसं येतात. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात तर मतदान न घेता सर्वांची सहमती होईपर्यंत बसतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय समजून घेतात. त्यांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठीचा वाहतूक परवाना हातात आला. तो नुसत्या ठरावांनी आला नाही, वर्षानुवर्षं बसायची सवय होती म्हणून आला.

बंगळुरूकर

प्रशासकाच्या गतीचं कौतुक वाचलं म्हणून थोडं लिहितो. बंगळुरूत सप्टेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं मी राहतो त्या वॉर्डाला नगरसेवक नव्हता. फायली सरळ चालत असतीलही, कुठून कुठे चालल्या ते आम्हाला दिसलं नाही. नगरसेवक वाईट निघाला तर पाच वर्षांनी बदलता येतो. अधिकाऱ्याला मी कसा बदलू?

निवृत्त अभियंता

बदलता येत नाही, मान्य. आणि सभागृह नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण ज्या सभेचा ठराव बंधनकारक नाही ती सभा लोकांचा विश्वास आणखी घालवते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बांधावरून यांच्या गावात ग्रामसभेला कायद्याने अधिकार आहेत. क्षेत्रसभेच्या पाठीमागे पैसा उभा नाही.

ओढ्याकाठचा

चाळकरी, तुमचा मुद्दा दोनदा वाचला. फेरीवाल्यांबद्दल मी विचारच केला नव्हता. मागच्या वस्तीत पाणी शिरलं असं मी वर लिहिलं, पण त्या वस्तीतल्या कुणालाही घेऊन वॉर्डात गेलो नव्हतो. एकटाच गेलो. ती चूक माझी.

म्हणून मागणी बदलतो. कुणाला हटवायचा वा कुणाचं पोट बंद करायचा ठराव या सभेत नको, ते निर्णय कायद्याच्या वाटेनेच व्हावेत. सभेने फक्त विचारावं : प्रभागात या वर्षी किती रुपयांची कोणती कामं, कुणाला दिली, कुठपर्यंत आली, आणि मागच्या वेळी विचारलं त्याचं काय झालं. अभियंता साहेब, उत्तर देणं बंधनकारक असेल तर ठराव बंधनकारक नसला तरी मला चालेल. तुमची उघडी फाईल आणि आमची सभा एकाच टेबलावर आली तर? फाईल एकट्याने वाचणं मला जमणार नाही, तुमच्यासारखा कुणीतरी शेजारी बसलेला लागेल.

एक अडचण उरते. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या. भिंतीचं विचारलं की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. सभा कुणी बोलवायची इथूनच भांडण लागेल. मी चौघांनाही एकच पत्र देणार आहे, चौघांची पोच घेऊन.

चाळकरी

पत्रात वेळ लिहा. संध्याकाळी साडेआठनंतर, आणि वस्तीतल्या पालिका शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये नाही. बांधावरून ताई म्हणतात तसं आधी मागचं वाचून दाखवायचं. पहिल्या सभेला वाचायला मागचं काही नसेल, तर तुमच्या ओढ्याची तक्रार आणि तो 'निवारण झाले'चा मेसेज वाचा.

नगरसेवकाच्या ऑफिसचं दार त्यामुळे बंद होता कामा नये, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे. पण आईला घेऊन येतो. दोन पावसाळे ती त्याच पाण्यातून कामाला गेलीय.