प्रतिसाद: दोन्ही भावना एकाच फोटोत

ऑफिसच्या ट्रेनिंगला एकट्याने जाताना मोकळं वाटणं आणि एकटं वाटणं, दोन्ही एकाच फोटोत कसं आणायचं, असं तुम्ही विचारलंय. मला ते हॉटेलच्या खिडकीत सापडलं. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने एक क्षण असा येतो, की बाहेरचं निळं दृश्य आणि पिवळ्या दिव्याच्या उजेडातलं आपलं प्रतिबिंब काचेत जवळपास सारखीच उजळ दिसतात. तेव्हा काचेत आपला चेहरा आणि बाहेरचं शहर एकमेकांत मिसळतात. व्हाइट बॅलन्स (फोटोत रंग किती उबदार किंवा निळसर दिसावेत, हे ठरवणारं सेटिंग) ऑटोवर सोडू नका, कॅमेरा चेहऱ्याची ऊब किंवा बाहेरचा निळा रंग घालवू शकतो. ४००० केल्विनच्या आसपास ठेवलंत तर चेहरा उबदार आणि बाहेरचं निळंच राहतं. कॅमेरा टेबलावर, टायमर १० सेकंदांचा. फोकस मॅन्युअल करा, आणि काचेवर नको: कॅमेऱ्यापासून काच आणि काचेपासून तुम्ही, या दोन्ही अंतरांची बेरीज धरा, कारण प्रतिबिंब कॅमेऱ्याला तेवढ्या अंतरावर दिसतं. इथेच माझे पहिले कितीतरी फोटो वाया गेले.

हसायचं की नाही, हे आधी ठरवू नका. माझ्या आवडत्या फोटोत गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच आहे आणि मागे दुसऱ्या पलंगावरची चादर अजिबात चुरगळलेली नाही. ती चादर मुद्दाम फ्रेममध्ये ठेवली होती.