मदत हवी आहे: बाबांच्या डोक्यावरची जखम, ग्राफ्ट की फ्लॅप?

बाबांच्या डोक्यावर, बरोबर मध्यावर, त्वचेच्या कॅन्सरची गाठ होती. ती काढली, कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्टही आला. पण गाठ खोलवर चिकटलेली होती, त्यामुळे हाडावरचं आवरणही काढावं लागलं. आता 5 सेंमी रुंद जखम आहे आणि ड्रेसिंग बदलताना तळाशी पांढरं हाड दिसतं. सर्जन म्हणतात, फ्लॅप, म्हणजे डोक्याचीच शेजारची कातडी, फिरवून झाकू, पण त्यासाठी कानामागपर्यंत वळणदार छेद घ्यावा लागेल. बाबा घाबरलेत. मांडीची कातडी लावून भागत असेल तर एवढी कापाकापी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांना काय सांगू? आणि केस परत येतील का?

प्रतिसाद:

मी प्लास्टिक सर्जरीत काम करते. बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय तुमच्या सर्जनचाच.

मांडीची कातडी, म्हणजे ग्राफ्ट, स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येत नाही. सुरुवातीला ती खालच्या थराच्या जिवावर जगते. हाडावरचं आवरण, म्हणजे पेरिक्रेनियम, शाबूत असतं तर ग्राफ्टने धरलं असतं. उघड्या हाडावर तो धरत नाही. हाडाचा बाहेरचा थर घासून, लाल मांस भरून आल्यावर ग्राफ्ट लावतात, पण त्याला वेळ लागतो, आणि ती पातळ कातडी पुढे रेडिएशनमध्ये टिकणं अवघड.

फ्लॅप आपल्या रक्तवाहिन्यांसकट सरकतो. छेद मोठा लागतो तो गेलियामुळे. कातडीखालचा हा चिवट पडदा जवळजवळ ताणतच नाही. साधारण 3 सेंमीपर्यंतची जखम कडा ओढून शिवता येते; त्यापुढे ताण लांबवर वाटून द्यावा लागतो, म्हणून ती मोठी कमान. शिवाय गेलियाला आतून, ताणाच्या आडव्या दिशेने, समांतर चिरा देतात. दर चिरेमागे एखाद-दोन मिलिमीटरच सैलपणा मिळतो आणि हात फार जपून चालवावा लागतो, कारण रक्तवाहिन्या गेलियाच्या लगेच वर असतात.

फ्लॅपवरचे केस सहसा राहतात. फ्लॅप जिथून सरकवला तिथे कधी ग्राफ्ट लावावा लागतो. तेवढ्या जागी केस येणार नाहीत, हे बाबांना आधीच सांगा.

सर्जनना दोन गोष्टी विचारा: रेडिएशन लागणार आहे का, आणि फ्लॅप कोणत्या धमनीवर घेणार? कानापुढची की डोक्यामागची? त्या बाजूला बाबांना पूर्वी टाके पडले असतील तर तेही आवर्जून सांगा.