"पावणेदोन किलोची जन्मली, काय बिघडलं?" म्हणणाऱ्यांना उत्तर

मेधा_नाशिक: काल इथे एकाने लिहिलं, आमची आई पावणेदोन किलोची जन्मली, तरी चार पोरं धडधाकट झाली, डॉक्टर उगाच घाबरवतात. वाचून डोकंच फिरलं. अडीच किलोच्या आत जन्मलेली मुलगी पुढे गरोदर राहते तेव्हा तिला बीपीचा आणि शुगरचा धोका जास्त असतो, आणि तिचं बाळही लहान भरायची शक्यता जास्त. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करतायत, त्यात दिसलं की बाळ वजनाला कमी पण अंगात चरबी टिकून.

गणेश_सातारा: पोस्ट माझीच, मागे घेणार नाही. सोनोग्राफीत बाळ लहान आहे म्हणून माझ्या बायकोला रडवलं, पोरगी सव्वादोनची झाली, आज शाळेत खोखो खेळते!

सुनंदा: खोखो खेळू दे हो, प्रश्न तिच्या बाळंतपणाचा आहे. माझी बहीण दोन किलोची, पहिल्याच खेपेला बीपी १६०, पायाला सूज, घाईत सिझर, बाळ १ किलो ९००. नाव घातलं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही की बाई, तू स्वतः किती वजनाची जन्मलीस.

वैशाली_के: आणि सून शेवटी जेवते त्याचं काय?? सातव्या महिन्यात सासूबाई म्हणायच्या कमी खा, बाळ मोठं झालं तर अडेल, मला पातेल्याच्या बुडाशी उरलेली आमटी. त्याच अभ्यासात पालेभाज्या, दूध, फळं जास्त खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी निघाली.

गणेश_सातारा: आलं सासवांवर! माझ्या आईने सुनेला डिंकाचे लाडू करून घातलेत.

वैशाली_के: ते बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना काय घातलं ते सांगा.

गणेश_सातारा: माझ्या आईबद्दल बोलायचं काम नाही.

मेधा_नाशिक: अहो, त्या सासूलाही तिच्या सासूने तेच वाढलं. मुलीची बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात, म्हणजे आजीच्या ताटातलं नातवंडापर्यंत पोचतं.

आशाताई: धोका म्हणजे होणारच असं नाही. पण गणेशदादा, लहान जन्मली म्हणून तिला साय-तूप कोंबू नका, अशा मुलांचं वजन पुढे भराभर वाढलं की शुगरला आमंत्रण. जन्माच्या वजनाचा कागद जपा, तिच्या वेळी डॉक्टरला पहिल्याच भेटीत दाखवा.

गणेश_सातारा: कागद जपतो, बीपी लवकर बघावं हेही मान्य. घाबरवणं मान्य नाही.

वैशाली_के: आणि ताटाचं?

गणेश_सातारा: घरी विचारतो.