मदत हवी: लिव्हर रायफलमध्ये मॅगझिन भरलं की दोन काडतुसं एकदम येतात (मार्लिन ३९ए, पॉइंट टू टू)

नमस्कार मंडळी,

आजोबांची मार्लिन ३९ए वारसा हक्काने आता माझ्या परवान्यावर आली आहे. बरीच वर्षं कपाटात पडून होती. बालेवाडीला रेंजवर नेली की एकच रडगाणं.

ट्यूब (म्हणजे नळीखालचं नळकांड्यासारखं मॅगझिन) काठोकाठ भरली की पहिल्या काही फैरींतच लिव्हर अर्ध्यावर अडते. आत पाहावं तर एक काडतूस कॅरिअरवर (काडतूस चेंबरपर्यंत वर उचलणारा भाग) व्यवस्थित बसलेलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याचं बूड ट्यूबच्या तोंडातून बाहेर डोकावतंय. कॅरिअर वर उचलला जाताना त्याची पुढची कड नेमकी त्या बुडाला अडते. अडकलेली काडतुसं काढून पाहिली तर प्रत्येकाच्या रिमवर (बुडाच्या कडेवर) साधारण त्याच जागी चकचकीत ओरखडा.

गंमत म्हणजे ट्यूब अर्धीच भरली तर सगळं लोण्यासारखं चालतं. म्हणून ट्यूबमधली, काडतुसं पुढे ढकलणारी स्प्रिंग थकली असेल असं मला वाटत नाही. स्प्रिंग ढिली असती तर शेवटची काडतुसं यायला कुरकुरली असती, कारण तेव्हाच तिचा जोर सगळ्यात कमी असतो. इथे उलट, जोर जास्त असतानाच घोळ होतो. हाताने एकेक काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) घातलं तर सहज बसतं, म्हणजे रिकाम्या चेंबरवर घोडा पाडून पाडून चेंबरच्या कडेला खड्डा पडलाय असंही नाही (जुन्या पॉइंट टू टूंना हा आजार फार). लिव्हर शेवटपर्यंत ओढतो, हळू आणि झटक्यात, दोन्ही करून झालं. वापरतो ती फक्त 'लाँग रायफल' या एकाच मापाची काडतुसं. आतलं वाळलेलं मेण आणि शिशाचा थर साफ केलाय, फरक शून्य.

माझा संशय कटऑफवर आहे, म्हणजे मागचं काडतूस ट्यूबमध्येच रोखून धरणारा तो छोटा तुकडा. शहरातल्या एका परवानाधारक कारागिराने पाहताक्षणी "थोडी कानस मारतो" म्हटलं. मी रायफल उचलून घरी आणली. नवा कटऑफ मागवणं म्हणजे मोबाइलची बॅटरी मागवणं नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा 'शस्त्र' या व्याख्येतच येतात. त्यात मार्लिन २०२०पासून रुगर कंपनीकडे गेलेली. चुकीच्या जागी कानस लागली तर रायफल शोभेची वस्तू.

जाणकारांना विचारायचंय ते हे. कटऑफ झिजलाय, की त्याला दाबणारी स्प्रिंग मेली आहे, की कॅरिअरच वेळेआधी सुटतोय, हे काही न घासता ओळखता येतं का? प्लॅस्टिकच्या डमींवर (खोट्या काडतुसांवर) दोष दिसतच नाही, बहुतेक रिम मऊ असल्यामुळे. पितळी डमी कोणी वापरल्यात का? (खरी काडतुसं घरात चालवून बघ असं कृपया सुचवू नका.)

आणि पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरकडे लिव्हर रायफलवर प्रत्यक्ष काम केलेला परवानाधारक कारागीर माहीत असेल तर नाव इथे न टाकता व्यक्तिगत निरोप करा. "बोल्ट अ‍ॅक्शन घे, कटकट मिटेल" हा सल्ला घरातून रोज मिळतो आहे.