बाईकवर कारपेक्षा जास्त सेफ वाटतं, हे मलाच होतं की अजून कुणाला?

कंदीपेढा_७७
मंडळी, प्रश्न उलटा वाटेल पण मनापासून विचारतोय, हसू नका. नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात, शनिवारी जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. इतकी वर्षं हे सगळं बाईकवर. आता घरात कार आलीय, सेकंडहँड वॅगनआर, आणि आई, बाबा, बायको तिघं एक झालेत की बास झाली ती बाईक, आता कारनेच ये-जा कर.

खरं सांगू का, मला कारमध्येच जास्त भीती वाटते. काचा बंद, एसी चालू, बाहेरचा आवाज नाही, पुढच्या काचेच्या बाजूचा तो खांब आहे ना त्याच्यामागे अख्खी ॲक्टिव्हा लपते आणि एकदम समोर येते. डावी बाजू कुठे संपते तेच कळत नाही. खंबाटकी चढताना शेजारी कंटेनर आला की वाटतं आता घासला. तोच घाट बाईकवर मी निवांत चढतो, दोन बोटं ब्रेकवर, मान वळवली की मागचं दिसतं, ट्रकच्या टायरचा आवाज येतो त्यावरून कळतं किती जवळ आहे, आणि अगदीच काही झालं तर साईडपट्टीवर उतरायला हातभर जागा पुरते.

बाबांचं म्हणणं एकच, चार चाकं पडत नाहीत, दोन पडतात. मी त्यांना आकडा दाखवला. देशात रजिस्टर झालेल्या गाड्यांत पाऊण हिस्सा दुचाकी आहेत आणि २०२२ साली रस्त्यावर जेवढे लोक गेले त्यात दुचाकीवरचे ४४.५ टक्के. म्हणजे हिशेबाने बाईक सेफच झाली की. कुठे चुकतंय सांगा, पण ज्ञान पाजळू नका, हेल्मेट घालतो, दारू पीत नाही, स्टंट करायचं वय गेलं.

खडूस_इंजिनिअर
हिशेब चुकलाय. आधी तोच बघू.

तो ४४.५ टक्क्याचा आकडा केंद्र सरकारच्या अहवालातला. एकूण मृत्यू १,६८,४९१, त्यात दुचाकीवरचे ७४,८९७. पण उरलेले सगळे कारवालेच होते असं धरलंस तू. त्यात ३२,८२५ तर चालत जाणारे लोक आहेत, शिवाय सायकलवाले, रिक्षावाले, ट्रकवाले, बसमधले. चालणाऱ्या माणसाचं रजिस्ट्रेशन कुठल्या आरटीओत होतं? दुसरं म्हणजे रजिस्टर झालेल्या दुचाकीत गोठ्यामागे गंजत पडलेली एम८० पण येते. गाड्या किती यावर काही ठरत नाही, कोण किती किलोमीटर फिरतं यावर ठरतं. कार बाईकपेक्षा वर्षाला बरीच जास्त पळते आणि आत माणसंही जास्त असतात. तसं मोजलं की बाईक कुठल्याही देशात कारच्या खूप मागे पडते. बाबा बरोबर आहेत.

आता तुझं "वाटणं". ते खोटं नाही. बाईकवर सगळं उघडं असतं, वारा लागतो, खडी टायरखाली करकरते ती कानाला कळते, म्हणून डोकं जागं असतं. जागं असलं की वाटतं सगळं आपल्या हातात आहे. पण हातात असतं ते तुझंच, समोरच्याचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या भागात नऊशेच्या आसपास बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले होते, १९८१ चा रिपोर्ट आहे, हर्ट रिपोर्ट म्हणतात. दुसरी गाडी ज्यात होती अशा अपघातांत साधारण दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या गाडीची, बाईकवाल्याचा हक्काचा रस्ता तिने अडवला. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, मला बाईक दिसलीच नाही. यात सगळेच खोटं बोलत नाहीत. लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब आणि हळू येतेय असं डोळ्याला वाटतं. म्हणून डिव्हायडरच्या तोडीतून वळणारा तुला बघूनसुद्धा वळतो. तू कितीही जागा असलास तरी त्याच्या डोळ्याचं काय करणार?

मागची_सीट
दादा, तुमचं सगळं लिहिणं पुढच्या सीटवरून आहे. आमचं मागून ऐका. तुम्हाला ब्रेक लागणार हे अर्धा सेकंद आधी माहीत असतं, आम्हाला हेल्मेटवर हेल्मेट आपटल्यावर कळतं. एका हातात पिशवी, दुसऱ्याने ओढणी धरलेली, ती चाकात जाईल म्हणून जीव टांगणीला, आणि पुढचा माणूस म्हणतो बाईकवर कसं मोकळं मोकळं वाटतं!!

त्याच २०२२ च्या अहवालात हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले ५०,०२९ आहेत, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. बायको तुमच्याबरोबर साताऱ्याला येते का, तिला हेल्मेट आहे का, आणि आयएसआय मार्कचं आहे का रस्त्याच्या कडेला टांगलेलं दोनशेवालं? आणि घरात लहान मूल असेल तर विषयच मिटला. चार वर्षांच्या आतलं पोर बाईकवर न्यायचं तर त्याला पट्ट्याचं हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत, असा केंद्राचा नियम आहे. ४० ने हायवेवर चालवून बघा, ट्रकवाले काय करतात ते.

ऊसपट्टा
सेफ बाईक की कार हे वाळव्याच्या रस्त्याला गळीत हंगामात येऊन विचारा राव. नोव्हेंबरपासून पुढं रात्री आठनंतर समोर काय आहे ते देवालाच माहीत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला लाईट न्हाई, रिफ्लेक्टर असला तर त्याच्यावर चिखल, आणि ऊस दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. लांबनं बघितलं तर काळं काळं काहीतरी, वाटतं रस्ता मोकळा हाय.

बाईकवाला त्या बाहेर आलेल्या उसात अडकतो, ते सगळ्यांना ठाऊक हाय. पण कारवाल्यानं पण खूश होऊ नये. ट्रॉलीचा मागचा दांडा कारच्या बॉनेटच्या वर येतो. बॉनेट खाली सरळ घुसतं आणि दांडा काचेत. एअरबॅग उघडून काय करणार तिथं? आमच्याकडं म्हणून जाणकार माणूस रात्रीचा निघतच न्हाई, वस्तीला राहतो. गाडी कुठली हा नंतरचा प्रश्न. कंदीपेढा तुम्ही पहाटे निघता ना, अंधारात का उजाडल्यावर ते आधी सांगा.

पणजी_ते_म्हापसा
आमच्या गोव्यात पायलट म्हणजे बाईक टॅक्सी, पिवळ्या मडगार्डची. म्हातारी माणसंसुद्धा बाजाराच्या पिशव्या घेऊन बिनधास्त मागे बसतात, कारण पायलट चाळीसच्या वर जातच नाही आणि प्रत्येक खड्डा त्याच्या ओळखीचा. भाड्याच्या स्कूटरवर पहिल्यांदाच बसलेला टुरिस्ट मात्र पावसात लाल मातीच्या वळणावर आडवा होतो. बाईक तीच. मला वाटतं कंदीपेढा पण त्याच्या रस्त्याचा पायलट झालाय, म्हणून त्याला भीती वाटत नाही. कार नवी आहे एवढंच.

खडूस_इंजिनिअर
पणजीचा मुद्दा पटला, पण अर्धाच. सवय झाली की भीती जाते, धोका आहे तिथेच असतो. जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर प्रयोग झाला होता, काहींना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) बसवलं, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी होतील असं वाटलेलं, तसं झालंच नाही, ड्रायव्हर जास्त जोरात वळायला लागले. सेफ वाटलं की माणूस ते कुठेतरी खर्च करून टाकतो. कंदीपेढाला कारमध्ये भीती वाटते तर चांगलंच आहे, निदान सुरुवातीला हळू चालवेल.

कंदीपेढा_७७
हिशेबाचं कळलं, पाऊण हिस्सावाला मुद्दा मागे घेतो, बाबांना मात्र सांगणार नाही 😄

मागची_सीट ताई, बायकोला चांगलं हेल्मेट आहे, पण मुलगी तीन वर्षांची आहे आणि आतापर्यंत आम्ही तिला मध्ये बसवूनच आणायचो. नियम माहीत नव्हता. ती आता कारनेच येणार, यावर वाद नाही. ऊसपट्टा, पहाटे साडेचारला निघतो, अंधारच.

पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. कारमध्ये मला झोप येते. बाईकवर कधीच नाही. पहाटेच्या त्या थंडीत बाईकवर डोळा लागणं शक्य नाही, कारमध्ये शिरवळच्या पुढे सरळ रस्ता लागला की डोळे जड होतात. हा धोका तुमच्या कुठल्या टक्क्यात बसतो? आणि डाव्या बाजूचा अंदाज येत नाही त्याचं काय करू? ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तर आठचा आकडा काढायला शिकवला आणि लायसन हातात दिलं.

दुसरा_गिअर
उत्तर द्यायला आलो कारण मी हेच शिकवतो. कंदीपेढा, तुझी निम्मी भीती सीटची आहे. बाईकवरून कारमध्ये आलेली पोरं सीट मागे ढकलून रेलून बसतात, मग बॉनेट दिसत नाही आणि डावीकडचं तर काहीच नाही. सीट वर घे, पुढे घे, पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. वॅगनआर त्या बाबतीत सोपी गाडी, उंच आहे.

डावा अंदाज असा घे. रिकाम्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आत एक पांढरा पट्टा बघ, डावी चाकं त्याच्यावर घालून हळू चालव, आणि थांबून बघ की आत बसून तो पट्टा बॉनेटच्या कुठल्या जागेवरून जाताना दिसतो. पहिले काही दिवस तिथे छोटी चिकटपट्टी लाव, लाजू नको. मग घाटात कंटेनर शेजारी आला तरी त्याच्याकडे बघायचं नाही, आपल्या पट्टीकडे आणि पुढच्या रस्त्याकडे बघायचं. बघशील तिकडे गाडी जाते, हे बाईकवर तुला माहीतच आहे.

तो खांब मात्र काढता येत नाही. वळणावर आणि चौकात अंग पुढे-मागे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघायचं, जुने एसटी ड्रायव्हर बघ, सीटवर डोलत असतात. खांबामागे लपलेली ॲक्टिव्हा म्हणजे आठवड्यातून दोनदा तूच असतोस, एवढं ध्यानात ठेव.

झोपेचं तुझं बरोबर आहे आणि त्याला कारमध्ये इलाज नाही. काच खाली करणं, गाणी लावणं, च्युइंगम, सगळं दहा मिनिटांचं. साडेचारला निघू नको. रविवारी संध्याकाळी उजेडात नीघ, नाहीतर ऑफिसात सांगून सोमवारी उजाडल्यावर. येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडलास की ते एस वळण आहे, तिथे वेग बोगद्यातच कमी करून ठेव, वळणात शिरल्यावर ब्रेक नको. आणि कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार, डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल टाकतं, ब्रेक तापतात आणि मग ट्रक थांबत नाही. तू तिसऱ्या गिअरमध्ये उतर, आरशात ट्रक मोठा होताना दिसला तर हट्ट न करता डावीकडे होऊन त्याला जाऊ दे. बाईकवर असताना याच उतारावर तुला काय वाटतं ते तू लिहिलंच नाहीस.

कंदीपेढा_७७
तिथे मीही टरकतो, लिहायचं टाळलं 🙏 चिकटपट्टी आणतो. शेजारी बाबांना बसवू की एकट्यानेच प्रॅक्टिस करू?

मागची_सीट
बाबांना अजिबात नको. बायकोला बसवा, आणि बेल्ट दोघांनी लावा. मुलगी मागे, तिच्या सीटमध्ये.