पॉटी ट्रेनिंग: पोराचं राहू दे, माझंच ट्रेनिंग चाललंय

वैतागलेली_आई
मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा. जूनपासून प्लेग्रुपला घालायचाय आणि तिथे डायपर चालत नाही म्हणे, म्हणून एका सोमवारी मी डायपर एकदम बंदच केले. शू आठ-दहा दिवसांत बऱ्यापैकी जमली. पण शी!! कमोडवर सीट लावून बसवलं की दहा मिनिटं गाड्या खेळतो, दोन गोष्टी वसूल करतो, होत काहीच नाही, आणि उतरवून चड्डी घातली की पाचव्या मिनिटाला हॉलच्या पडद्यामागे तोंड लाल करून उभा. परवा ऑफिसचा कॉल म्यूट करून तिसऱ्यांदा फरशी पुसत होते आणि हा त्यातच पाय ठेवून माझ्याकडे चालत आला, आणि माझं डोकंच फिरलं. इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं विचारायला वर आल्या. हात पण उगारला. मारलं नाही, पण तो हात बघून जो दचकला ना तो, तेच सारखं डोळ्यासमोर येतंय. तेव्हापासून दोन दिवस झाले, त्याने शी केलेलीच नाही.
सासूबाई म्हणतात आमची पोरं दीड वर्षात सांगायला लागली होती. नवरा म्हणतो होईल गं (पुसायला तो घरात नसतो). ट्रिका नकोत, यूट्यूबवर शंभर बघून झाल्या. पेशन्स कुठून आणता तेवढं सांगा.

दोन_पोरांचा_बाप
आधी डॉक्टरांकडे जा, पेशन्सचं नंतर बघू. आमच्या मोठ्याचं सेम होतं, पडदा नाही, तो कपाटाच्या कोपऱ्यात जायचा, पाय आवळून चवड्यांवर उभा. मी समजत होतो पठ्ठ्या मुद्दाम करतोय, नाटकं नुसती. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले अहो हा जोर करत नाहीये, दाबून धरतोय. एकदा कडक शी होऊन दुखलं की पोर घाबरून दाबतं, जितकी आत राहील तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, मग अजून खडा, मग अजून दुखतं. चक्रच ते. कधी कधी वरून पातळ झिरपून चड्डीला डाग पडतात आणि आपल्याला वाटतं जुलाब झालेत.
शी मऊ करणारं सिरप दिलं होतं, ते बरेच आठवडे चाललं, मध्येच मनाने बंद करू नका असं बजावलं होतं. दूध किती पितो विचारलं, तर आमचे साहेब तीन-चार बाटल्या प्यायचे आणि जेवायचे नाहीत, तर ते अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलं. आणि तोवर पॉटी ट्रेनिंग बंद.
पेशन्सचं म्हणाल तर मला काही तो आला-बिला नाही. त्याला दुखत होतं हे कळल्यावर रागच धरता येईना.

कोथरूडची_आजी
अगं, सासूबाईंचं खोटं नाही पण अर्धंच खरं आहे. पोरं सांगायची नाहीत, आम्हालाच कळायचं. दूध पाजलं की पाच-दहा मिनिटांनी पाय लांब करून बसायचं, पोराला दोन्ही पायांवर उकिडवं धरायचं आणि शूऽऽ करायचं. शिकलेलो आम्ही, नाव पोराचं. त्यात लंगोट ओला झाला की त्याला लगेच कळायचं, डायपरमध्ये बिचाऱ्याला कळणार कुठून. आणि घरात आम्ही तिघी जावा होतो, एकीचं डोकं तापलं की पोर दुसरीच्या कडेवर जायचं. तू एकटी, वर तो कॉल चालू.
एक मात्र सांगते, कमोडवर त्याचे पाय लोंबकळत असतील तर जोर कशावर देणार? पायाखाली पाट दे, गुडघे जरा वर आले पाहिजेत. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, म्हणून जेवणानंतर १५-२० मिनिटांनी बसव, पाचेक मिनिटं पुरे. रात्री दोन काळ्या मनुका भिजत घाल, सकाळी कुस्करून दे. आणि दुपारचं बसवणं सासूबाईंकडेच दे ना, अनुभव आहे म्हणतात तर वापरू दे की!

रोखठोक_७७
एवढं काय त्यात. आम्हाला दोन धपाटे मिळायचे, सरळ झालो.

मोरीवाली
@रोखठोक धपाटे दही लावून खा, इथे नकोत. त्याने आधीच दाबून धरलीये, अजून काय बंद करायचंय?

@वैतागलेली_आई, मी पण ओरडणाऱ्यातलीच. एक गोष्ट लक्षात आली, मला राग शी बघून येत नव्हता, फडकं सापडत नाही, फिनाईल वरच्या फळीवर, तोवर हे रत्न सोफ्यावर, त्या धावपळीत यायचा. मग सरळ एक बादली, जुनी फडकी, दोन चड्ड्या मोरीच्या दाराशी सकाळीच भरून ठेवायला लागले. हसाल, पण निम्मा राग तिथे गेला. सोफ्यावर रबरी शीट, गालिचा गुंडाळून माळ्यावर.
आणि मुलीला शीसाठी डायपर परत दिला. हो, हरले असं वाटलं, आईने फोनवर ऐकवलं पण. अट एकच, डायपर घालून शी करायची ती मोरीत. आधी उभ्याने, मग काही दिवसांनी डायपरसकट सीटवर बसून, मग डायपर नुसता सैल, मग खाली अंथरलेला. महिना-सव्वा महिना गेला. तुमच्याकडे जूनची घाई आहे, पण पोराच्या आतड्याला जून कळत नाही हो. फ्लशला घाबरतो का बघा, आमची घाबरायची, ती बाहेर गेल्यावरच ओढायचो.
आणि सॉरी म्हणा त्याला. कळतं त्यांना.

नवीन_बाबा
रात्रीचं काय करता? आमची ३ ची आहे, दिवसा एकदम कोरडी, रात्री गादी ओली.

दोन_पोरांचा_बाप
रात्रीच्या नादाला आत्ता लागू नका, ते शिकवून येत नाही, शरीर तयार झालं की येतं. ५ वर्षांपर्यंत डॉक्टरही काही करत नाहीत.

वैतागलेली_आई
अकरा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांकडे गेलो, तुम्ही म्हणालात तेच, खडा झालाय, सिरप चालू. मी त्याला सॉरी म्हटलं तर म्हणाला "आई मोठ्याने नको", आणि परत गाडी चालवायला लागला. मीच रडत बसले.
डायपर परत आणलाय, मोरीत उभ्याने करतो, पडद्यामागे आता जात नाही. काल चड्डीतच झाली होती, पण बादली दाराशी होती, मी तोंडातून शब्द काढला नाही, पुसताना मनात मात्र बरंच काही बोलले. प्लेग्रुपला फोन करून सांगितलं दिवाळीनंतर बघू, तर त्या म्हणाल्या चालेल की, अर्धी पोरं अशीच असतात. हे आधी सांगायचं ना बाई!
दुपारी सासूबाई बसवतात. काल अर्धा तास शूऽऽ शूऽऽ करत होत्या, शेवटी त्यांनाच जाऊन यावं लागलं 😄