सरकारी वकिलाने शब्द फिरवला, आता अपील होतं का?

परळची_मेधा:
मंडळी अर्जंट आहे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तिथे फेडरल कोर्टात फ्रॉडची केस झाली. गुन्हा कबूल कर, आम्ही कमीत कमी शिक्षा मागू असं सरकारी वकिलाने लेखी दिलं, ह्याने सही केली, आणि शिक्षेच्या दिवशी भलताच सरकारी वकील उभा राहिला आणि जास्त मागून मोकळा झाला. जजने दिलीही. त्यात अपील करणार नाही अशीही सही आहे म्हणे. मावशी इथे जेवत नाहीये. काही होईल का?

गिरगावचा_बंड्या:
ताई, कबुली दिली म्हणजे विषय संपला. आपल्याकडे पण प्ली बार्गेनिंगच्या (म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेची तडजोड) निकालावर अपील नाही, रिट नाहीतर सुप्रीम कोर्टात स्पेशल लीव्ह (अपीलाची खास परवानगी), बस.

किल्ला_कोर्ट_कँटीन:
बंड्या, ते आपलं. अमेरिकेत १९७१ ची सँटोबेलो केस बघ, अगदी हेच. आधीच्या सरकारी वकिलाने शिक्षेबद्दल काही बोलणार नाही म्हटलेलं, नवीन आला त्याने जास्तीत जास्त मागितली. जज म्हणाला मला त्याच्या बोलण्याने फरक पडला नाही, तरी सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. चूक मुद्दाम नव्हती हे पण चाललं नाही. आणि सरकारनेच करार मोडला तर अपील न करण्याची सही सहसा आड येत नाही.
पण मेधाताई, जजने जास्त दिली ही तक्रार नाही हां, जज सहसा त्या शिफारशीला बांधील नसतो. सरकारी वकील काय बोलला तेवढंच धरायचं. भावाच्या वकिलाने तिथल्या तिथे ऑब्जेक्शन घेतलं का? नसेल तर २००९ च्या पकेट केसमुळे फार अवघड जातं.

पार्ले_पूर्व:
एक लक्षात ठेवा, जिंकलात तर एकतर दुसऱ्या जजसमोर नव्याने शिक्षा ठरते नाहीतर कबुली मागे घेता येते. कबुली मागे घेतली की जुने सगळे चार्जेस परत डोक्यावर, म्हणून पहिलंच बरं वाटतं मला.

किल्ला_कोर्ट_कँटीन:
आणि निकाल नोंदला गेल्यापासून १४ दिवसांत अपीलची नोटीस, हे आधी बघा. बाकी चर्चा नंतर.

परळची_मेधा:
आज नववा दिवस आहे 😟 ऑब्जेक्शन घेतलं होतं, असं भाऊ म्हणाला. संध्याकाळी तिकडे ऑफिस उघडलं की वकिलालाच फोन लावते.